खानावळीच्या अंदाजानं

सोनूबाईंनी एकाच दिवसात दुसऱ्यांदा बांगडे आणले, तेव्हा अनुपमाची खात्रीच पटली की सासूने आता उघडउघड भांडण मांडलं आहे.

ती नुकतीच अंधेरीच्या ऑफिसातून घरी आली होती. चपला काढते न काढते तोच वास आला. सोनूबाई मोरीजवळ विळी घेऊन बसल्या होत्या आणि परातीत बांगडे साफ करत होत्या. अनुपमाने फ्रीज उघडला. सोनूबाईंनी त्या दिवशी उजाडताच आणलेले आणि ऑफिसला निघण्याआधी तिने मीठ-हळद लावून ठेवलेले बांगडे डब्यात जसेच्या तसे होते.

"आई, हे काय? सकाळचे तसेच आहेत की!"

सोनूबाईंनी मानही वर केली नाही. "त्या कपाटातला मी धरत नाय," त्या म्हणाल्या.

फ्रीजला त्या कपाट म्हणायच्या. मागच्या दिवाळीत तो घरात आला तेव्हा सहदेवने त्याला स्वयंपाकघरात नाही, तर बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा ठेवला होता. अनुपमाने त्याच्यावर घालायला झालर शिवली होती. सोनूबाईंनी स्वतः त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग विचारलं, "ह्याच्यात ठेवायचा काय?"

"सगळंच," सहदेव हौसेने म्हणाला होता. "आता तुला रोज उठून बाजारात जायला नको, आये."

तो बोलून गेला आणि विसरला. सोनूबाई मात्र पदराला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या होत्या. त्यांना बाजारात जायला नको म्हणजे नेमकं काय करायला हवं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळा जन्म त्यांनी बाजार केला होता. लग्न होऊन कणकवलीकडून परळला आल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. नवरा, रामनाथ, मिलमध्ये फिटर. गावाकडची बाप्ये माणसं मिलमध्ये कामाला यायची, बायकामुलं गावी ठेवून. त्यांना जेवायला घालायचं काम आधी एकाचं, मग दोघांचं, असं करत सोनूबाईंची खानावळ कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. एक पाळी सुटली की एक पंगत उठायची, दुसरी बसायची. तांदूळ पोत्याने यायचा. वाण्याची हातगाडी चाळीच्या तोंडाशी उभी राहायची. मासळीबाजारात तर सोनूबाई आल्याशिवाय कोळणी पहिली पाटी उघडत नसत. बाजारात त्यांना मान होता, आणि पंगतीत बसलेला प्रत्येक जण त्यांना वैनी म्हणायचा.

मग संप झाला. सुरुवातीला त्या तशाच वाढत राहिल्या. पुढे पुढे कालवण पातळ झालं, मग नुसती पेज झाली. एकेक जण ट्रंक उचलून गावाला निघाला. "परत येतो वैनी, संप मिटला की येतो," प्रत्येकाने सांगितलं. संप काही मिटला नाही आणि कुणी परत आलं नाही. रामनाथ त्यातच खचून गेला. तो वारल्यावर सहदेवने परळची जागा विकली, ऑफिसातून कर्ज काढलं आणि बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला नव्याने उठलेल्या वसाहतीत हे घर घेतलं.

घर सहदेवच्या मनासारखं होतं. पहिल्याच महिन्यात त्याने जेवणाचं टेबल आणलं. "आपल्या घरात सगळ्यांनी एकदम बसून जेवायचं," एवढा एकच नियम त्याने घातला. बाकी कशात तो कधी लक्ष घालत नसे. सकाळी पाव-आम्लेट झालं तरी चालायचं, रात्री खिचडी झाली तरी चालायचं. मुलगी सुलक्षणा डब्यात जॅम लावलेला पाव न्यायची आणि शाळेतून आली की नूडल्सचं पाकीट मागायची. माशाला ती काट्यांच्या भीतीने हात लावत नसे. नोकरी करणाऱ्या अनुपमाला हे सगळं सोयीचं होतं. रविवारी ती आठवड्याची भाजी आणायची, दुपारभर बसून निवडायची, चिरायची, डबे भरायची. खोबऱ्याचं वाटण मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये थिजवून ठेवायची. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि ऑफिसातल्या बायकांनी ती तिच्याकडून उचलली होती.

सोनूबाई त्या वाटणाच्या वड्यांकडे बघून तोंड फिरवायच्या. "मेल्या माणसाकसुद्धा एवढे दिवस ठेवनत नाय," असं एकदा त्या म्हणाल्या, तेव्हा सहदेव पोट धरून हसला होता. अनुपमाही हसली होती, पण तिला लागलं होतं.

तरी तिने सासूचा बाजार कधी तोडला नव्हता. घरातली तिघं बाहेर पडली की सोनूबाई पिशवी घेऊन निघायच्या. स्टेशनाकडच्या बाजारात गोराईची मंजुळा कोळीण बसायची, तिच्यासमोर उकिडव्या बसून तासभर घासाघीस करायच्या. जे आणतील ते दुपारी स्वतःपुरतं शिजवायच्या, उरलेलं रात्री टेबलावर यायचं. हे ठीक चाललं होतं. पण त्या पावसाळ्यानंतर काहीतरी बिनसलं. खाटेखाली नारळ साठले. एकदा भाताचा एवढा मोठा टोप चढला की दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताबाईंना नेऊन द्यावा लागला. बटाटे आहेत तर पुन्हा बटाटे, कांदे आहेत तर पुन्हा कांदे.

"सवय आहे तिला," सहदेव म्हणायचा. "खानावळीचा अंदाज हातातून गेला नाही अजून."

"सवय नाही ही," अनुपमा म्हणाली. "मला दाखवून देतायत. मी रविवारी भरून ठेवते ना, म्हणून मुद्दाम."

बांगड्यांच्या त्या संध्याकाळी तिचं डोकं फिरलंच. सकाळचे बांगडे तिने डब्यासकट उचलले, खाली जाऊन सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपात ओतले आणि रिकामा डबा आपटत वर आली. सोनूबाईंनी ते खिडकीतून पाहिलं असावं.  त्यांनी हात धुतले, त्या जिना उतरल्या, आणि पिंपात वाकून एकेक बांगडा वेचून पदरात घेऊ लागल्या.

शांताबाई गॅलरीत उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरचीही दोन माणसं बघत होती. अनुपमा धावत खाली गेली. "आई, चला वर. लोक काय म्हणतील!"

"अन्न टाकतंस?" सोनूबाई वाकल्यावाकल्याच म्हणाल्या. "ती भुकेली येतली. त्यांका काय वाढू?"

"कोण येतंय?" अनुपमाने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता तिने त्यांचा दंड धरून त्यांना वर नेलं. त्यांच्या पदरातून जिन्यावर मिठाचं पाणी ठिबकत होतं. ते पुसायला ती रात्री एकटीच फडकं घेऊन बसली, आणि पुसता पुसता रडली. शांताबाईंच्या नजरेत आता ती सासूला कचरा खायला लावणारी सून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि आधी बाजार गाठला. मंजुळा पाटीवर पाणी शिंपडत होती.

"आमच्या सासूबाईंना मासे देऊ नकोस," अनुपमा म्हणाली. "आल्या तर सांग, संपले."

"संपले काय सांगू? पाटी समोर दिसते ना तिला." मंजुळाने हात कमरेला लावले. "म्हातारी काय फुकट नेते काय? घरात माणसं हायेत जेवायला, त्यांच्यासाठी नेते."

"आम्ही चार माणसं. त्यातली पोरगी मासे खात नाही."

मंजुळा तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला. "मग ती नावं कुणाची घेते गो? काशीरामाला डोकं लागतं, अनंताला शेपटाकडचं लागतं, तुळशीदासचा आज उपास हाय. मी बोलली, केवढी पोरं गो बाय तुला!"

अनुपमा तशीच ऑफिसला निघाली. दिवसभर कामात तिचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी तिने सहदेवला हे सांगितलं तेव्हा तो टेबलावर पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं नाही, पण वाचणं थांबलं होतं.

"काशीराम आमच्याकडे जेवायचा," तो म्हणाला. "संपात गावाला गेला तो. आता असेल-नसेल कोण जाणे."

"मग त्या असं का बोलतात?"

"म्हातारपण आहे. जुनं आठवतं माणसाला." त्याने पेपर पुन्हा उघडला. अनुपमालाही तेवढ्यावरच थांबायचं होतं. म्हातारपण म्हटलं की बरं वाटत होतं. त्याहून मोठं काही असलं तर ते कुणी निभवायचं, हा प्रश्न लगेच तिच्याच दारात येऊन उभा राहणार होता.

तिने एक उपाय केला, आणि तो करताना तिला जरासं सुडाचं समाधानही वाटलं. ती बाजाराची पिशवी घडी करून आपल्या पर्समध्ये घालून ऑफिसला नेऊ लागली. दुसऱ्या पिशव्या माळ्यावर टाकल्या. सोनूबाईंनी पहिल्या दिवशी पिशवी शोधली. दुसऱ्या दिवशी पण शोधली. मग त्या खिडकीशी बसून राहू लागल्या. कुणाशी बोलेनात. अनुपमाला वाटलं, रुसल्या आहेत, चार दिवसांत निवळतील.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. अनुपमा घरी आली तर सुलक्षणा दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसलेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आजी मला आत घेत नाही," ती म्हणाली. "म्हणते, खानावळीत पोरीबाळींचं काय काम, तुझ्या घरी जा."

दार उघडंच होतं. अनुपमा आत गेली आणि उंबऱ्याजवळच थांबली.

जेवणाचं टेबल भिंतीला लोटलेलं होतं. जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, समोरासमोर दोन पंगती मांडल्या होत्या. घरात होती तेवढी ताटं लागली होती. ती पुरली नव्हती म्हणून टोपांची झाकणं, चहाचा ट्रे, डब्यांची झाकणं, सुलक्षणाचा शाळेचा जुना डबा, आणि अगदी शेवटच्या जागेला बर्फाचा रिकामा ट्रे. प्रत्येक पानाशी पाण्याचं भांडं नाहीतर कप. प्रत्येक पानात मिठाची चिमूट.

फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून फरशीवर पाणी सांडत होतं. आत काहीही उरलं नव्हतं. रविवारपासून भरून ठेवलेली होती नव्हती तेवढी भाजी, वाटणाच्या सगळ्या वड्या, अंडी, दूध, लोणी, सगळं स्वयंपाकघरातल्या टोपांमध्ये गेलं होतं. भात उतू जाऊन शेगडीवर पसरला होता. एक शेगडी विझलेली होती आणि तिची चावी चालूच होती. अनुपमाने धावत जाऊन चावी बंद केली, खिडक्या उघडल्या.  बोलायचं ते सगळं तिच्या ओठांवर आलं होतं.

सोनूबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ना राग होता ना रुसवा. घाईत असलेल्या माणसाची नुसती धांदल होती.

"इलंस?" त्या म्हणाल्या. "भाकऱ्यो थापूक तुका बोलावलेला ना? किती उशीर केलंस गो. पयली पाळी सुटली. आता येतले सगळे."

 "आई, मी अनुपमा," ती म्हणाली.

"असशीत. नाव मगे सांग, आधी हात धू."

इतके दिवस ही बाई आपल्याशी भांडत होती असं अनुपमा धरून चालली होती. भांडायला समोरच्याची ओळख तरी लागते. त्या पिंपात वाकल्या होत्या तेव्हाही, पिशवी शोधत होत्या तेव्हाही, त्या कुणाशी भांडत नव्हत्या. लोक भुकेले यायचे होते आणि घरात मासळी नव्हती, एवढंच त्यांना दिसत होतं. अनुपमाने हात धुतले आणि ती पाटावर बसली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. सोनूबाई एकेक गोळा तिच्याकडे सरकवत होत्या, ती थापत होती. सुलक्षणा दारातून बघत होती. तिला अनुपमाने डोळ्यांनीच शांताबाईंकडे जायला सांगितलं.

सहदेव आला तेव्हा भाकऱ्यांची चळत झाली होती. तो दारात उभा राहिला आणि त्याचा चेहरा बघता बघता उतरला. त्या पंगती त्याने ओळखल्या. अनुपमाने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्याने पाहिल्या होत्या.

"ये रे काशीराम," सोनूबाईंनी हाक मारली. "हातपाय धू आणि बस. बाकीचे खय रवले?"

"आये, मी सहदेव."

सोनूबाई हसल्या. "थट्टा कित्याक करतंस रे वैनीची? सहदेव शाळेत गेलो हा."

त्याने अनुपमाकडे पाहिलं. तिने मान हलवली, काही बोलू नकोस अशी. तो बूट काढून, पॅंट वर ओढून पहिल्या पानावर मांडी घालून बसला. या घरात आल्यापासून तो जमिनीवर जेवायला बसला नव्हता. सोनूबाईंनी भात वाढला. अंडी आणि फ्लॉवर आणि वाटाणे एकाच वाटणात शिजून झालेलं ते कालवण त्यांनी डावाने ओतलं, आणि खालून ढवळून त्यातलं चांगलं चांगलं त्याच्या पानात घातलं.

"अजून घे. लाजू नको. दिवसभर मशिनीवर उभो रवतंस."

"बास," सहदेव म्हणाला. मग कसंबसं विचारलं, "तुमचा मुलगा जेवला?"

"तो मागसून जेवता." सोनूबाई त्याच्यासमोर टेकल्या. दोन्ही पंगती रिकाम्याच होत्या, तरी कुणी ऐकू नये तसा त्यांनी आवाज बारीक केला. "सगळे उठले की. तुकडो रवलो तर रवलो, नायतर भातावर नुसतो रस्सो. पोर काय बोलत नाय रे. बोललो असतो तर बरा होता. नुसतो बघता माझ्या हाताकडे. मगे माझ्याच घशाखाली घास जाणा नाय."

सहदेव खाली मान घालून जेवत राहिला. ते कालवण खारट झालं होतं, दूध फाटून त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्याने पान स्वच्छ केलं. मग उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिला.

रात्री तो गॅलरीत उभा होता तेव्हा अनुपमा त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "मला वाटायचं, तिला दिसतच नाही. एवढी माणसं, एवढी गडबड, कुठे दिसणार, असं धरून चाललो होतो मी. तेच बरं होतं."

 अनुपमाने त्याचा हात धरला, तो त्याने धरू दिला.

महापालिकेच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सोनूबाईंना त्यांचं नाव विचारलं, वार विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. नाव त्यांनी बरोबर सांगितलं. वाराला त्या म्हणाल्या, "माशांचो." डॉक्टर गृहस्थ भला होता. हा आजार उलटा फिरत नाही, औषध नाही, सांभाळायला लागेल, एवढं त्याने सरळ सांगितलं. एकटं ठेवू नका, गॅस बंद करून ठेवा.

एकटं ठेवायचं नाही म्हणजे कुणीतरी घरी राहायचं. त्यावरून नवरा-बायकोत आठवडाभर कुजबुजत भांडण झालं. अनुपमाने नोकरी सोडावी असं सहदेवच्या नात्यातल्या सगळ्यांचं मत पडलं, आणि कर्जाचे हप्ते कोण भरणार ते कुणीच सांगितलं नाही. शेवटी सहदेवने कंपनीत मागून दुसरी पाळी घेतली. सकाळपासून दुपारपर्यंत तो घरी, मग दोन तास शांताबाई येऊन बसायच्या, मग अनुपमा. पिंपाजवळचा प्रसंग शांताबाईंनी कधी काढला नाही. दार लावून घेताना एकदाच म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना गं. मी काय काय मनात आणलं तुझ्याबद्दल."

बाजाराची पिशवी सहदेवकडे आली. त्याच्या घराण्यात कुणा पुरुषाने भाजी-मासळी आणली नव्हती. बांगडा ताजा कसा ओळखायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. मंजुळा त्याला हसायची आणि चांगलं तेच द्यायची. सकाळी तो आईला बरोबर न्यायचा. बाजारात गेल्या की सोनूबाईंच्या चालीत जोर यायचा, घासाघीस अजून पूर्वीसारखी यायची. त्या मागतील ते तो घ्यायचा आणि जाता जाता अर्धं मंजुळाकडे परत ठेवायचा.

खरी पंचाईत जेवणाची झाली. सोनूबाई जेवायलाच तयार होईनात. पान वाढलं की ते बाजूला सारायच्या. "आधी ते जेवूंदे." आयुष्यात कधी खानावळ उठायच्या आधी त्या जेवल्या नव्हत्या, आणि आता खानावळ काही उठत नव्हती, कारण कुणी येतच नव्हतं. पदार्थ बदलून पाहिले, रागावून पाहिलं, सहदेवने हाताने भरवून पाहिलं. त्या तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालून भरवावं लागेल.

एका संध्याकाळी, सुलक्षणाचा अभ्यास घेता घेता, अनुपमाच्या कानावर सोनूबाईंचं पुटपुटणं पडलं. त्या खिडकीशी बसून विचारत होत्या, "काशीराम जेवलो?"

"हो," अनुपमा इकडून म्हणाली. सहज, पुस्तकावरून नजर न काढता. "जेवला."

"अनंत?"

आता तिने पुस्तक मिटलं. "अनंत पण जेवला."

"तुळशीदास? हरेश्वर?" एकामागून एक नावं आली. अनुपमा प्रत्येकाला हो म्हणत गेली. नावं संपल्यावर सोनूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मगे माका वाढ."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

तेव्हापासून तो नेमच झाला. पान वाढण्याआधी सगळे जेवले का त्याची विचारपूस. अनुपमाला ती नावं पाठ झाली. सहदेवने सांगितलं म्हणून तिला कोण कसा होता तेही कळलं. हरेश्वर बोलताना अडखळायचा. अनंतला पानात मीठ वेगळं लागायचं. ज्या माणसांना तिने कधी पाहिलं नव्हतं, ज्यांतले कितीतरी आता नसतीलही, त्यांना ती रोज संध्याकाळी एकेक करून जेवू घालत होती. सुलक्षणाही कधीकधी उत्तर द्यायची, "जेवले, आजी, दोनदा भात घेतला." एकदा सहदेवला सुट्टी होती. नावं संपल्यावर तो आईच्या समोर बसून राहिला, आणखी एखादं नाव येतं का याची वाट बघत. सोनूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं आणि जेवायला लागल्या.

वर्ष सरलं तशी नावं कमी होऊ लागली. आधी हरेश्वर गळला. मग तुळशीदासचं नाव येईना. सोनूबाई बाजारात जायलाही कंटाळू लागल्या. मंजुळासमोर बसल्या तरी काय घ्यायचं ते त्यांना उमगत नसे. काटे काढता येईनात म्हणून मासे बंद झाले. दुधात कुस्करलेला पाव त्यांना सोपा जायचा. जो पाव त्यांनी या घरात कधी तोंडात घातला नव्हता, तोच आता दोन्ही वेळचं जेवण झाला.

एका रविवारी अनुपमा वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसली. त्या काही विचारतील म्हणून थांबली. सोनूबाईंनी काहीच विचारलं नाही. नुसतं तोंड उघडलं. अनुपमाने पहिला घास दिला, तो त्यांनी गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.

खरं तर हे सोपं झालं होतं. पण अनुपमाचा हात पुढे जाईना.

"सगळे जेवले, आई," ती आपणहून म्हणाली. "काशीराम जेवला. अनंत जेवला."

सोनूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कडेने दूध ओघळत होतं.

"कोण सगळे?" त्या म्हणाल्या.

अनुपमाने पदराच्या टोकाने ते दूध टिपलं आणि दुसरा घास पुढे केला.